चार कोरे रकाने

प्रत अजून उघडायची नव्हती. मुखपृष्ठावर लाल शाईत तसं छापलेलंच होतं: सोमवारी सकाळी अकरापूर्वी वाचू नये. खाली प्रतीचा क्रमांक, एक. एक नंबरची प्रत नेहमी अध्यक्षांची, म्हणजे आईची. आत्ता ती जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीला टेकून उभी होती.

अहवालाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आईकडे जेवायचं, ही पद्धत वडिलांनी घातलेली. परराष्ट्र व्यवहार समितीचा अहवाल एकदा सभागृहाच्या पटलावर गेला की तुमची आई महिनाभर देशाची असते, ते म्हणायचे, त्याआधी पोटभर बघून घ्या. ते गेले, जेवण राहिलं. आज चौघंच होती. आई, परराष्ट्र खात्यात उपसचिव असलेला थोरला, शाळेत गणित शिकवणारी धाकटी आणि काका. काका पस्तीस वर्षं याच समितीचे सचिव होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते समितीबद्दल बोलताना ‘आम्ही’ म्हणायचे. धाकटीचा नवरा मात्र नदीपलीकडे होता, शेजारच्या देशातल्या संयुक्त मोजणी केंद्रात. भिंतीवर फोटो लावायचा झाला तरी हा माणूस आधी भिंत मोजायचा, म्हणून घरात त्याचं नाव फूटपट्टी पडलं होतं.

“उद्या तुझ्या खात्याची झोप उडणार,” काका थोरल्याला म्हणाले.

“खातं झोपतच नाही काका. नुसतं डोळे मिटून पडलेलं असतं.”

“शेजारी दर महिन्याला पत्र पाठवतात, करारात ठरलं तेवढं पाणी सोडतोय. तुम्ही दर महिन्याला त्यांचे आभार मानता. इकडे खालच्या गावांत नळाला तीन दिवसांनी पाणी. आता आमच्याकडे आकडे आहेत. परिशिष्ट पाच. नुसता तक्ता. धाकटे, तुझ्या आवडीचं आहे.”

“मग बघू का?”

“उद्या अकरानंतर.”

आई हसली. तिच्या डोळ्यांवर अजून हिरवा चष्मा होता. दुसऱ्या, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. काका आणि थोरला पुन्हा एकमेकांना चिमटे काढायला लागले. ताटं उचलून झाल्यावर धाकटीने हात पुसले आणि प्रत उघडली. तिला आकड्यांपुढे उद्याचा धीर कधीच नव्हता.

परिशिष्ट पाच, पान एकशे अठ्ठ्याऐंशी. साक्षीदाराचं नाव, हुद्दा, पत्ता काळ्या पट्ट्यांखाली गेलेलं. खाली लिहिलेलं: ‘संयुक्त मोजणी केंद्रात काम करणाऱ्या चाळीस व्यक्तींपैकी एकाने दिलेली माहिती.’ त्याखाली सहा महिन्यांचा तक्ता. नदीची पातळी, सकाळी सहा, संध्याकाळी सहा. तिने सवयीने शेवटचे अंक पाहिले. आकडे खरे वाटत होते. माणूस आकडे मनाने लिहितो तेव्हा शून्य आणि पाच जास्त येतात. इथे तसं नव्हतं. कुणीतरी पाण्याजवळ उभं राहून हे वाचलं होतं.

तिसऱ्या महिन्यात चार रकाने कोरे होते. नऊ, दहा, अकरा, बारा.

तिने बोट ठेवलं. मग उचललं. हे चार दिवस तिला पाठ होते. त्या सहा महिन्यांत नवरा तेवढेच चार दिवस घरी आला होता, आईच्या पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी.

“आई,” ती म्हणाली. “डोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी, अकरा तारखेला, तू समितीत कशाला गेली होतीस?”

आईने मान वळवली. “ती प्रत खाली ठेव.”

“बंद बैठक होती ना? इथे छापलंय. आणि त्याच दिवशी हा म्हणाला, मुख्य कार्यालयात सह्या करून येतो. चार तास.” तिचा आवाज वर्गातल्यासारखाच सरळ होता. “सह्या कसल्या होत्या आई?”

काकांनी सोलत असलेलं संत्रं तसंच ताटलीत ठेवलं.

“याला समितीपुढे बसवलंस तू.”

“तो स्वतः आला होता,” आई म्हणाली.

*

थोरल्याने बहिणीच्या हातातून प्रत घेतली आणि तक्ता पाहिला. त्याला समजायला तिच्याइतका वेळ लागला नाही, कारण त्याला केंद्राचं कामकाज माहीत होतं. तिथे मोठी नोंदवही असते, तिच्यातले आकडे केंद्राबाहेर द्यायला बंदी. ती चाळीसही जण बघू शकतात आणि तिच्यात एकही दिवस कोरा नसतो, एक नसला तर दुसरा पातळीचं वाचन घेतो. म्हणजे हा तक्ता वहीतून उतरवलेला नव्हता. एका माणसाने रोज स्वतः पाहिलेलं लिहिलं होतं, आणि तो नव्हता तेव्हा लिहिलं नव्हतं.

“परत गेल्यावर वहीत बघून चार आकडे भरायला काय झालं होतं?” तो म्हणाला. “दोन मिनिटांचं काम.”

“तो भरणार नाही,” धाकटी म्हणाली. “स्वतः न पाहिलेलं वाचन माझं नाही, म्हणेल. तुला माहीत नाही का तो?”

“रजेची वही उघडली की झालं. नऊ ते बारा कोण रजेवर होतं? एकच माणूस. चाळिसातला एक शोधायला त्यांना पाच मिनिटं लागणार नाहीत.”

“आणि रजेचं कारण?” काकांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

“सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन,” धाकटी म्हणाली. “मीच सांगितलं होतं, खरं तेच लिही.”

गेल्या वर्षी त्याच केंद्राच्या वीजघरातला आपला एक तंत्रज्ञ चौकशीला नेला होता. एक जुना नकाशा त्याच्या पिशवीत सापडला, एवढंच. त्याच्याबद्दल विचारणा करणारं पत्र खात्यातून दर महिन्याला जातं. मसुदा थोरलाच करतो. आतापर्यंत चौदा पत्रं गेली. चौदाही वेळा एकच उत्तर आलं: चौकशी चालू आहे. त्या तंत्रज्ञाची बायको दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसते. आता ती काही विचारतही नाही. तो बाहेर आला की त्याच्या चेहऱ्याकडे बघते आणि उठून जाते.

त्याने बहिणीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“हे छापखान्यात जायच्या आधी कुणी बघितलं नाही?”

“नाव काढलं, हुद्दा काढला, अक्षर ओळखू नये म्हणून टंकून घेतलं,” काका म्हणाले. “आताच्या सचिवांनी मला विचारलं होतं, कोऱ्या रकान्यांचं काय करू. मी म्हटलं, साक्षीत फेरफार नाही. कोरं ते कोरं. त्या रजेचं काही माझ्या ध्यानीमनी नव्हतं. साक्षीदार कोण, हे मला ठाऊकच नव्हतं.”

“मला ठाऊक होतं,” आई म्हणाली. “मी ते पान वाचलं नाही.”

“वहिनी, पानावर तुमची सही आहे.”

“सगळ्या दोनशे बारा पानांवर आहे. दोन्ही डोळ्यांत औषध होतं, समोर नुसतं धुकं. सचिव पान धरत होते, मी सही करत होते. अहवाल वेळेत जायला हवा होता.”

अहवालाच्या पहिल्या पानावर अध्यक्षांचं प्रमाणपत्र असतं: यातील प्रत्येक पान मी स्वतः वाचले आहे. ते वाक्य काकांनी नियमात घालून घेतलं होतं. त्यासाठी ते दोन वर्षं भांडले होते.

“आज अहवाल थांबव आई,” थोरला म्हणाला. “आत्ताच्या आत्ता सभापतींना कळव.”

“तुझ्या खात्याला तेच हवंय. सुंठीवाचून खोकला जाईल.”

“हो, हवंय. गेले तीन आठवडे मी त्यासाठीच पळतोय, लपवत नाही. पण आत्ता खातं बाजूला ठेव.”

“प्रती कुठे आहेत?” धाकटीने मधेच विचारलं.

“अकरा सदस्यांकडे,” काका म्हणाले. “सकाळी दहाला बंद लिफाफे गेले. उद्या अकरापर्यंत उघडायचे नाहीत.”

थोरला म्हणाला, “साडेदहाला माझ्या टेबलावर नक्कल होती.”

“कुणी दिली?”

“कुणीतरी दर वेळी देतं काका. पस्तीस वर्षांत तुम्हाला खरंच कळलं नाही? मी मुख्य भाग वाचला, परिशिष्ट कोण वाचतं.”

“आकडे मोजणारी माणसं वाचतात,” धाकटी म्हणाली. “त्यांच्याकडेही असतील ना? आणि तुला मिळाली तशी त्यांनाही मिळाली असेल.”

सरहद्दीवरचा पूल संध्याकाळी सहाला बंद होतो आणि सकाळी आठला उघडतो. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

*

काकांनी आधी शुद्धिपत्राचा मार्ग काढला. चार आकडे टाकून पान बदलायचं. बोलता बोलताच त्यांना कळलं की शुद्धिपत्र म्हणजे त्याच पानाकडे बोट दाखवणं. ते हात दाखवून अवलक्षण. आणि आकडे कुठले टाकणार? खरे आकडे पलीकडच्या वहीत आहेत. खोटे टाकले तर सगळा तक्ता खोटा ठरेल. ते बोलायचे थांबले. आयुष्यभर त्यांनी कागद असा बांधला होता की कुणी एक अक्षर हलवू नये. आता त्यांनाच ते हलवता येत नव्हतं.

फूटपट्टीला आज सहाच्या आत अलीकडे आणायचं, यावर मात्र दुमत झालं नाही. केंद्रातून पुलाकडे येणारी शेवटची गाडी पाचला सुटते, चाळीस मिनिटं घेते. फोन लावायचा तर केंद्राच्या वसाहतीतल्या फोनवर. त्यावर कुणीतरी ऐकत असतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

“आत्ता लावते,” धाकटी उठली.

“थांब,” थोरला म्हणाला. “दर रविवारी किती वाजता करतेस?”

“चारला.”

“मग चारलाच.”

“दादा, सव्वा तास आहे अजून.”

“म्हणूनच. पावणेतीनला केलास तर ऐकणारा उठून नीट बसेल.”

ती उभीच राहिली. मग खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसली, आईकडे पाठ करून.

“काय सांगायचं?” काकांनी हळूच विचारलं. “वहिनी पडल्या म्हणू या?”

“आईचं नाव नको,” थोरला म्हणाला. “अध्यक्षांचं नाव आज त्या फोनवर अजिबात नको.”

“मग मी पडलो म्हणा. या वयात कुणालाही खरं वाटेल.”

“तुमच्यासाठी कोण सरहद्द ओलांडून येणार काका?” धाकटी भिंतीकडे बघतच म्हणाली. काका थोडं हसले, कारण तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच नेहमीची धाकटी सापडली होती. “मी आजारी आहे म्हणेन. बायकोसाठी येतात माणसं.”

काका स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच पाणी तापत ठेवलं. त्यांना जावयाचा तो चार दिवसांचा मुक्काम आठवला. एका सकाळी फूटपट्टीने विचारलं होतं, काका, समितीपुढे खरं सांगितलं तर नाव गुप्त राहतं ना? सहज विचारल्यासारखं. आणि त्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं, पस्तीस वर्षांत एक नाव बाहेर गेलं नाही जावईबापू. कुणासाठी विचारतोय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पाणी उकळून निम्मं झालं तरी ते तिथेच उभे होते.

*

चारला धाकटीने फोन लावला. थोरल्याने शेजारच्या खोलीतला दुसरा रिसीव्हर उचलून कानाला लावला. तिसऱ्या घंटेला कुणीतरी घेतला, बोलावतो म्हणाला. नंतर पावलं, दाराचा आवाज.

“बोल.”

“मला बरं नाहीये.”

“काय होतंय?”

“ताप आहे. तू ये.”

“किती आहे?”

“मोजला नाही.”

“मोज की. थर्मामीटर कपाटाच्या उजव्या खणात आहे, पट्ट्यांच्या डब्यामागे. मी थांबतो.”

धाकटीने डोळे मिटले. या माणसाशी तिला आयुष्यभर भांडता येणार होतं, फक्त आज नको. “एकशे तीन,” ती म्हणाली.

“आत्ता म्हणालीस, मोजला नाही.”

“सकाळी मोजला होता. अरे, तू निघ ना. पाचच्या गाडीने.”

“आज सहाचं वाचन माझं आहे. उद्या पहाटे निघतो, पूल उघडला की पहिला मी. तोवर दादाला डॉक्टर आणायला सांग.”

शेजारच्या खोलीत थोरल्याने रिसीव्हरच्या तोंडावर तळहात दाबून धरला. दारात आई उभी होती. ती काही ऐकू शकत नव्हती, मुलीची पाठ बघत होती.

“चुकू दे सहाचं,” धाकटी म्हणाली. “आधी चार दिवसांची चुकलीच आहेत. आज एक आणखी चुकलं तर काय होतंय?”

तारेतून नुसती घरघर आली. तिला वाटलं, फोन तुटला.

“तू मागे आला होतास ना,” तिने सावकाश म्हटलं, आवाजात जमेल तेवढा लाडिकपणा आणून, “त्या चार दिवसांची इथे सगळे फार आठवण काढताहेत.”

“सगळे म्हणजे किती जण?”

“अकरा.”

पुन्हा घरघर. समितीत किती सदस्य असतात ते त्याला माहीत होतं. त्यांच्यापुढे तो चार तास बसला होता.

“आठवण कधीपासून काढताहेत?”

“आज सकाळपासून.”

“बरं,” तो म्हणाला. “डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेव. पाचची गाडी धरतो.” आणि तेवढ्याच शांतपणे त्याने विचारलं, “तुला बरं नाही, हे खरं ना?”

“खरं,” ती म्हणाली. ते खरंच होतं.

*

आईला आता डाव्या डोळ्याने चांगलं दिसत होतं. घड्याळाचे काटे, खिडकीबाहेरचा रिकामा रस्ता, समोरच्या इमारतीत गॅलरीत कपडे काढणारी बाई. मुलगी तिच्यापासून सहा पावलांवर बसली होती आणि तासाभरात एकदाही वळली नव्हती.

“तुला पत्रं यायची त्याची,” अखेर धाकटी भिंतीशी बोलल्यासारखी बोलली. “दर पंधरवड्याला. आईंच्या डोळ्यांची चौकशी. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, माझा नवरा मला लिहीत नाही तेवढं सासूला लिहितो. त्यातून उरलेले आकडे यायचे?”

“हो.”

“चष्म्याचे नंबर म्हणून?”

“हो.”

“आणि तू मला ती वाचायला द्यायचीस. मी हसायचे.”

आईला सांगायचं होतं की ऑपरेशननंतरच्या रात्री तो पलंगाजवळ बसून म्हणाला होता, आई, ते म्हणतात पाणी सोडलं, मी रोज बघतो, नाही सोडलेलं, हे मी कुणाला सांगू? तिने त्याला गप्प बसा म्हणायला हवं होतं. घरातला माणूस म्हणून ते तिचं काम होतं. पण तीन वर्षं ती असा माणूस शोधत होती. तिच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि तिने आनंदाने त्याचा हात धरला होता. हे सगळं मुलीला सांगून काय उपयोग, तिला कळेना. म्हणून ती एवढंच म्हणाली, “मी त्याला ‘नको’ म्हणू शकले असते.”

“हो,” धाकटी म्हणाली.

पाच वाजून दहा मिनिटांनी थोरल्याचा फोन वाजला. तो गॅलरीत गेला, दोन मिनिटांनी आत आला.

“कोण होतं?”

“ऑफिसचं काम.”

“दादा, आज खोटं बोलून झालंय खूप.”

तो टेबलापाशी बसला. “शेजाऱ्यांच्या दूतावासातून आमच्या ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला फोन आला होता. रविवारची तसदी दिली म्हणून माफी मागितली. विचारत होते, संयुक्त केंद्रातल्या आपल्या लोकांच्या रजांची यादी तुमच्याकडेही असते का.”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

“म्हणजे त्यांची यादी त्यांनी पाहिली,” धाकटी म्हणाली.

“किंवा पाहायची आहे. रविवार आहे, कार्यालय बंद असेल. किल्ली कुणाकडे तरी असेल, तो गावाला गेला असेल.” त्याला स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास नव्हता. “आम्ही सांगितलं, उद्या बघतो.”

त्यानंतर कुणी बसलं नाही. साडेपाच. पावणेसहा. धाकटी मनात गाडीचा रस्ता मोजत होती. वसाहतीचं फाटक, उतार, दोन वळणं, तपासणीचा नाका, पूल. चाळीस मिनिटं. नाक्यावर गर्दी असली तर पन्नास. पन्नास म्हणजे सहाला दहा. त्या दहा मिनिटांत ती पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहत होती. सहा वाजले तेव्हा घड्याळाने काही आवाज केला नाही. सहा दहा. थोरल्याने मनातल्या मनात पंधरावं पत्र लिहायला घेतलं आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो घाईघाईने उठून खोलीत फेऱ्या मारायला लागला.

सहा पंचवीसला फोन वाजला. धाकटीने उचलला, ऐकलं. तिने रिसीव्हर आईच्या हातात दिला आणि जमिनीवर बसली.

“मी अलीकडे आहे,” फूटपट्टी म्हणाला. “सहाला सात मिनिटं असताना पूल ओलांडला. चौकीतून बोलतोय, आपल्या.”

“देवाची कृपा,” आई म्हणाली.

“आई, अहवाल उद्या ठेवणार आहात का?”

“तुम्ही सुखरूप आलात. आता बाकीचं घरी आल्यावर...”

“मी एकटा आलो. आपले नऊ जण अजून तिकडे आहेत. त्यांना मी काही सांगितलं नाही. दहा जण एका गाडीत चढले असते तर गाडी सुटलीच नसती.” तो थांबला. “माझ्या खोलीतल्या माणसाला म्हटलं, बायको तापाने फणफणलीय. तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. उद्या सकाळी सहाला मी वाचनाला नसेन. तक्ता छापील, सगळ्यांसमोर आला, तर मी पळालेला माणूस, आणि माझ्याबरोबर जेवणाऱ्या नऊ जणांना विचारतील. तक्ता आला नाही, तर मी आजारी बायकोचा नवरा.”

“काहींनी तो पाहिलाय. आता मागे घेऊन उपयोग होईल?”

“ते मला माहीत नाही,” तो म्हणाला. “ठेवला तर काय होईल, ते माहीत आहे.”

*

“खालच्या गावांचं काय?” काका म्हणाले. “तीन वर्षांचं काम. वहिनी, आपल्या समितीने छापलेला अहवाल आजवर कधी मागे घेतलेला नाही.”

“पुन्हा करू,” आई म्हणाली. “हा तक्ता न छापता, दुसऱ्या वाटेने.”

“करायला तुम्ही असाल का तिथे? मागे घ्यायचा तर सभापतींना लेखी कारण द्यावं लागतं, आणि ते सभागृहात वाचलं जातं. काय कारण देणार? तक्त्याचं नाव काढता येत नाही, जावयाचं काढता येत नाही.”

आईने हिरवा चष्मा काढून टेबलावर ठेवला. “खरं कारण देईन. प्रत्येक पान वाचलं असं प्रमाणपत्र दिलं, आणि वाचलं नव्हतं.”

थोरला झटकन म्हणाला, “आई, मी मघाशी म्हटलं होतं मागे घे. आता मी सांगत नाहीये. उद्या माझे साहेब मला शाबासकी देतील आणि मला ती...” त्याने वाक्य सोडून दिलं.

“तुझं ऐकून करत नाहीये. बस.”

“अध्यक्षपद जाईल,” काका म्हणाले.

“जाईल.”

“नुसतं ते जाणार नाही. लोक विचारतील, याआधीचे किती असेच वाचले होते? माझ्या वेळचे अहवालही उघडून बसतील. मी हयात असताना, वहिनी.”

“हो भाऊजी.”

काका खुर्ची ओढून बसले, खिशातलं पेन काढलं आणि कोरा कागद समोर घेतला. तिला अजून नीट लिहिता येत नव्हतं आणि असं पत्र कसं लिहितात हे या घरात त्यांनाच माहीत होतं. त्यांचं अक्षर पूर्वीसारखंच ताठ आलं. आठ ओळी. लिहून झाल्यावर त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं आणि सहीची जागा बोटाने दाखवली.

आईने पेन घेतलं नाही. “धाकटे,” ती म्हणाली, “वाचून दाखवतेस?”

धाकटी जमिनीवरून उठली. आईजवळ आली, पण तिच्याकडे न बघता कागद उचलला.

“माननीय सभापती महोदय. उद्या पटलावर ठेवण्यात येणारा समितीचा अहवाल मी अध्यक्ष या नात्याने मागे घेत आहे. अहवालातील प्रत्येक पान स्वतः वाचल्याचे प्रमाणपत्र मी दिले आहे. ते खरे नाही. मी पाने न वाचता त्यांवर सही केली. या चुकीला केवळ मी जबाबदार आहे. सचिवालयाचा तीत दोष नाही. वाटलेल्या सर्व प्रती परत घेण्यात याव्यात. पुढील कारवाई आपण ठरवाल ती मला मान्य असेल. सुदैवाने या चुकीमुळे कोणाचेही नुकसान झालेले नाही.”

ती थांबली.

“हे शेवटचं कुणी पाहिलंय?”

“काय?” काका म्हणाले.

“नुकसान झालं नाही, हे. नऊ जण तिकडे आहेत. उद्या सकाळी काय होतं आपल्याला माहीत नाही. परवा माहीत नाही.”

“अगं, एखादी मऊ ओळ असावी लागते शेवटी. नाहीतर पत्र फार कोरडं...”

“काढा भाऊजी,” आई म्हणाली.

“खोडलेलं दिसेल. सभापतींना खोडलेला कागद कसा पाठवणार?”

“मग दुसरा लिहा.”

काकांनी नवीन कागद घेतला. सगळं पुन्हा लिहिलं, या वेळी सात ओळी, आणि धाकटीकडे दिला. आईने पेन हातात घेतलं पण टोपण काढलं नाही.

“सुरुवातीपासून?” धाकटीने विचारलं.

“सुरुवातीपासून.”